उसनं पाऊल

"डोळे मिटा आणि उजव्या पायावर उभ्या राहा," डॉ. इरावती सोहनी म्हणाल्या.

कस्तुरीनं डोळे मिटले, डावा पाय उचलला. एक, दोन, तीन. चौथ्या सेकंदाला खोली एका अंगाला कलली आणि ती शेजारी रचलेल्या गाद्यांवर जाऊन पडली.

"पुन्हा."

दुसऱ्यांदा पाच सेकंद. तिसऱ्यांदा तीन. चौथ्यांदा तिनं डोळे मिटलेच नाहीत. नुसती उभी राहून म्हणाली, "डॉक्टर, माझी आई बासष्ट वर्षांची आहे. ती अजून एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायातला काटा काढते."

कस्तुरी भोगले अठ्ठावीस वर्षांची होती. बार्शीच्या मैदानावर वाढलेली, महाराष्ट्राच्या खो-खो संघाची कर्णधार. ती पळतीला उतरली की समोरचे प्रशिक्षक आपल्या मुलींना सांगायचे, "हिच्यामागं लागू नका, दम वाया जाईल. बाकीच्या दोघींना आधी टिपा." ओळीनं बसलेल्या आठ जणींच्या मधून ती पाण्यातल्या सापासारखी निघून जायची. चार-चार मिनिटं तिच्या पाठीला बोट लागायचं नाही. नोव्हेंबरात राज्य अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात खुंटाजवळ वळताना तिच्या उजव्या घोट्यात जुनं सुती कापड फाटावं तसा आवाज झाला. खुंटाशेजारी बसलेल्या मुलीलाही तो ऐकू आला.

शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं तुटलेलं लिगामेंट काढून टाकलं होतं आणि रेशमाच्या बारीक जाळीवर तिच्याच पेशी वाढवून तयार केलेलं नवं लिगामेंट बसवलं होतं. जुन्यापेक्षा दीडपट मजबूत. चौदा आठवडे झाले होते, सूज गेली होती, जखम भरली होती. आणि तरीही तिला आपलं पाऊल कुठं आहे ते कळत नव्हतं.

"पायात ताकद आहे, पण तो मुका आहे," डॉक्टरांनी समजावलं. त्या पन्नाशीच्या होत्या. बोलताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे कमी आणि पायांकडे जास्त बघायच्या. "घोट्याच्या लिगामेंटमध्ये हजारो बारीक मज्जातंतूंची टोकं असतात. पाऊल जरा कललं की ती ताणली जातात आणि वर निरोप पाठवतात. तुम्हाला कळायच्या आत पोटरीचे स्नायू पाऊल सरळ करतात. अंधारात जिना उतरता येतो तो त्यामुळे. तुमची ती टोकं लिगामेंटबरोबर गेली. दोर नवा बांधला, पण त्याला बोलता येत नाही."

"मग आशियाई स्पर्धा?"

खो-खो आशियाई स्पर्धांत पहिल्यांदाच पदकासाठी खेळला जाणार होता. ऑक्टोबरात. त्यासाठीची अंतिम निवड जुलैच्या अखेरीला होती.

"त्याला बोलायला शिकवता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "आत्तापर्यंत अकरा जणांना शिकवलंय."

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं. नव्या लिगामेंटमध्ये मोहरीहून बारीक असे तीन संवेदक बसवायचे. पाऊल किती कललं, किती वेगानं कललं, हे ते मोजणार. गुडघ्याखालच्या मज्जातंतूला केसाएवढी तार टेकवायची. ती तार हे मोजमाप विजेच्या हलक्या ठोक्यांत बदलून मज्जातंतूला सांगणार. अडचण होती ती भाषेची. प्रत्येक माणसाचं पाऊल आपापल्या लकबीत बोलतं. किती कलल्यावर किती ठोके, कुठं दम घ्यायचा, कुठं घाई करायची, हे लहानपणापासूनच्या चालण्या-पळण्यातून ठरलेलं असतं. चुकीच्या लकबीत ठोके गेले तर मेंदूला तो नुसता गोंगाट वाटतो. कस्तुरीची लकब दुखापतीच्या आधी कुणी टिपून ठेवली नव्हती. तेव्हा जिचं पाऊल जवळजवळ तिच्यासारखंच पडतं, अशा कुणाचा तरी 'पाऊलठसा' उसना घ्यायचा. दोन-तीन महिन्यांत मेंदू तो आपलासा करतो.

"आमच्याकडे बारा हजार माणसांचे ठसे आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या सामन्यांच्या चित्रफितींशी ताडून बघितले. सगळ्यांत जवळचा एकसष्ट टक्के जुळतो. पंच्याऐंशीच्या खाली मी हात लावत नाही. सख्खी बहीण आहे?"

"नाही."

डॉक्टर पडद्याकडे वळल्या. तिथं कस्तुरीच्या प्रशिक्षकांनी, बिराजदार सरांनी, पाठवलेल्या फिती ओळीनं लावल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी मोठी केली. "ही फार सुरेख आहे बघा. हा वळायच्या आधीचा पंजाचा छोटा ठोका... हे कधीचं? दुखापतीच्या आधीचं ना?"

कस्तुरी बघत राहिली. पडद्यावरची मुलगी पाठमोरी होती, वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. खुंटाला वळसा घालताना तिनं उजव्या पंजानं जमिनीवर हलकेच थाप मारली आणि निसटली.

"ती मी नाही," कस्तुरी म्हणाली. "ती आफरीन."

*

आफरीन मुलाणी अकरा वर्षांची असताना मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी राहून खेळ बघायची. कस्तुरीनंच तिला हाताला धरून आत आणलं होतं. तेव्हापासून नऊ वर्षं ती कस्तुरीच्या मागं सावलीसारखी होती. कस्तुरी वेणी गुंडाळायची तशी ती गुंडाळायची. कस्तुरी पळायच्या आधी तळवे मातीला पुसायची, तीही पुसायची. पहिली दोन वर्षं तर ती कस्तुरीच्या मातीत उठलेल्या पावलांवर पावलं टाकत पळायची आणि बाकीच्या मुली हसायच्या. आता वीस वर्षांची झाली होती आणि कस्तुरी पडल्यावर पळतीच्या पहिल्या तुकडीतली तिची जागा आफरीनलाच मिळाली होती.

आफरीनला विचारायला कस्तुरीला चार दिवस लागले. ठसा घ्यायचा म्हणजे आफरीनच्या गुडघ्याखाली बारीक सुई घालून तिनं दहा दिवस डॉक्टरांच्या पुण्यातल्या केंद्रात राहायचं. मातीवर, मॅटवर, उतारावर, जिन्यावर चालायचं, पळायचं, वळायचं. आशियाई स्पर्धेच्या निवड शिबिराच्या ऐन सुरुवातीचे दहा दिवस. आणि कुणासाठी? तर जी परत उभी राहिली तर आपलीच जागा मागणार आहे, तिच्यासाठी.

शेवटी तिनं फोन केला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

आफरीन म्हणाली, "ताई, यात विचारायचं काय? तुझंच आहे ते. माझ्याकडं नुसतं ठेवलेलं होतं."

ठसा त्र्याण्णव टक्के जुळला.

*

तार बसवल्यानंतरचा पहिला आठवडा वाईट गेला. पायात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात मुंग्या ओळीनं चालायला लागल्या. आणि एका दुपारी ती केंद्राच्या बागेत चालत असताना पायाखाली खडा आला, पाऊल कललं आणि आपोआप सरळ झालं. कस्तुरी थांबली. मागं वळून तिनं तो खडा शोधला, हातात घेतला आणि तिथंच बाकावर बसून रडली.

मे महिन्यात ती चार दिवस बार्शीला गेली. आई अंगणवाडीतून घरी येत होती आणि कस्तुरी पुढं दुकानाकडे चालली होती. घरी आल्यावर आई म्हणाली, "मागनं बघितलं तर मला वाटलं आफरीनच आली. हाक मारणार होते."

"ती माझ्यासारखी चालते, आई. मी तिच्यासारखी नाही."

"ते खरं. पर तू पाय टाकताना अशी आत घेत नव्हतीस."

"आत म्हणजे?"

आईला नीट सांगता येईना. तिनं उठून दाखवलं. डावीकडे वळताना उजवं पाऊल पुरतं टेकवायच्या आधी तिनं ते किंचित उचलल्यासारखं केलं. गरम तव्याला बोट लागल्यावर हात मागं येतो, तसं.

कस्तुरीनं अंगणात जाऊन चार वेळा वळून बघितलं. आई म्हणत होती ते खरं होतं. सरळ चालताना काही नाही, उजवीकडे वळताना काही नाही. डावीकडे वेगात वळलं की उजव्या घोट्याच्या आतल्या अंगाला, जरा पुढं, पाऊल कचरत होतं. दुखत नव्हतं, नुसतं कचरत होतं. आणि तिची शस्त्रक्रिया झाली होती ती बाहेरच्या अंगाला.

पुण्याला परतल्यावर डॉक्टरांनी तिच्या पायाचे एक्स-रे, स्कॅन सगळे काढले. आतल्या अंगाला काही नव्हतं. हाडं स्वच्छ, स्नायू स्वच्छ.

"ठशाबरोबर दुखणं येऊ शकतं का?" कस्तुरीनं विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "दुखण्याचे तंतू वेगळे असतात. ते आम्ही टिपत नाही. आम्ही फक्त पावलाच्या स्थितीचे निरोप टिपतो. पण माणूस दुखरी जागा जपायला लागला की त्याच्या पावलाची लकब बदलते. ते जपणं मात्र ठशात उतरू शकतं."

"म्हणजे आफरीनचा पाय दुखतोय."

"मी तसं म्हटलेलं नाही. आणि मला तसं म्हणताही येत नाही. तिनं सही केलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलंय, ठशातून तिच्या प्रकृतीबद्दल जे कळेल ते तिचं आहे. मी तिला तपासणीसाठी बोलावू शकते. दोनदा बोलावलं. ती आली नाही."

"पण पाय माझा आहे ना, डॉक्टर? मला जाणवतंय ते मी कुणाला सांगायचं, हे कागदावर लिहिलंय का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "कागद लिहिताना हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं."

कस्तुरीला ते कचरणं ओळखीचं होतं. मागच्या वर्षी पावसाळ्यापासून तिचा स्वतःचा घोटा असाच, बाहेरच्या अंगाला, जपून पडत होता. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. मोज्याच्या आत पट्टी बांधायची, सामन्याच्या आधी गुपचूप थंड फवारा मारायचा आणि मैदानात उतरायचं. सहा महिने तिनं ते निभावलं होतं. मग ते कापड फाटलं होतं.

*

जूनमध्ये ती शिबिरात दाखल झाली आणि पंधरा दिवसांत सगळ्यांच्या तोंडी तिचं नाव झालं. पूर्वीची कस्तुरी नव्हती, पण नव्वद टक्के होती. डावीकडचं वळण ती थोडं लांबून घ्यायची. बिराजदार सर राज्यातून राष्ट्रीय संघाकडे गेले होते, या शिबिराचे मुख्य प्रशिक्षक तेच होते. त्यांनी एका सकाळी दोघींना एकत्र उभं केलं आणि सरळच सांगितलं, "पळतीची एक जागा उरलीय. ती तुम्हा दोघींतल्या एकीची. मला आवडत नाही असं बोलायला, पण लपवण्यात अर्थ नाही."

आफरीन त्या दिवशी विलक्षण खेळली. कस्तुरी ओळीत बसून तिचा उजवा पाय बघत होती. सरांना दिसत नव्हतं, कुणालाच दिसत नव्हतं, कारण आफरीन ते वेगात मिसळून टाकायची. पण ती खुंटाला वळसा घालायच्या क्षणाला कस्तुरीला स्वतःच्या घोट्यात आधीच ठाऊक असायचं, आता ही कचरणार.

आणि त्याच वेळी आणखीही काहीतरी तिच्या मनात आलं. ही अशीच पळत राहिली तर कुठल्याही दिवशी पाय धरून बसेल. मग जागा माझी. मला काही करावंही लागणार नाही. हा विचार एवढ्या सहज आला की कस्तुरीला स्वतःचीच किळस वाटली.

दुपारच्या जेवणानंतर तिनं आफरीनला प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर गाठलं. ऊन होतं, बाकीच्या मुली खोल्यांवर गेल्या होत्या.

"कधीपासून दुखतोय?"

"काय?"

"आतल्या बाजूला. घोट्याच्या जरा पुढं."

आफरीनचा चेहरा उतरला. पण ती लगेच हसली. "ताई, तुला कोण म्हणालं?"

"कोण कशाला सांगेल? माझ्या पायात आहे ते. तू दिलंयस."

आफरीन उठून उभी राहिली. दोन पायऱ्या खाली गेली आणि वळली. आता ती हसत नव्हती. "मग आता जा सरांकडं. सांग. मला बाहेर काढतील, तुला घेतील. माझंच पाऊल घेतलंस, आता त्याच पावलानं मला तुडव."

"आफरीन, ते हाड आहे. मी डॉक्टरांना विचारलं. तिथं नावेच्या आकाराचं एक लहान हाड असतं, त्याला रक्त कमी पोचतं. त्याला बारीक भेग गेली असेल आणि तू पळत राहिलीस, तर दोन तुकडे होतात. मग पळणं कायमचं संपतं."

"नसेलही भेग."

"म्हणून म्हणते, दाखव."

"आणि असली तर? दहा आठवडे प्लास्टर. अब्बांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, माझी पोरगी देशाकडून खेळणार. मोहल्ल्यातल्या किती मुलींना घरचे आता मैदानावर सोडायला लागलेत, तुला माहितीय." तिचा आवाज चिरकला. "आणि तू कोणत्या तोंडानं मला शिकवतेस? मागच्या वर्षी तू काय केलंस? मोज्यात पट्टी बांधताना मी बघायची तुला. मी विचारलं, तर म्हणालीस, दुखणं सांगत बसायचं नसतं, पळायचं असतं. तूच म्हणालीस ना? मग? मी तुझंच सगळं घेतलं, ताई. ते पण घेतलं."

आफरीन पायऱ्या उतरून गेली. उतरताना ती मुद्दाम ठाम पावलं टाकत होती, पण शेवटच्या पायरीला तिनं कठड्याला हात लावलाच.

*

बिराजदार सर सकाळी साडेपाचला मैदानावर येऊन चुना मारलेल्या रेषा स्वतः तपासायचे. दुसऱ्या दिवशी कस्तुरी त्यांच्या आधी येऊन उभी होती. तिनं घडी केलेला कागद त्यांच्या हातात दिला.

सरांनी वाचला. पुन्हा वाचला. "नाव मागं घेतेस? वेडी झालीस का, पोरी? काल संध्याकाळीच मी मनाशी ठरवलं होतं..."

"सांगू नका, सर. काय ठरवलं होतं ते मला नका सांगू."

"मग कारण तरी सांग."

"आधी हा कागद तुम्ही घेतला असं म्हणा."

त्यांनी कागद खिशात ठेवला. "घेतला."

"आफरीनच्या उजव्या पायाची तपासणी करा. आजच. आतल्या अंगाचं हाड."

पूर्वेकडे उजाडत होतं आणि समोरचे दोन्ही खुंट नुकतेच नीट दिसायला लागले होते. सर म्हणाले, "हे सांगण्यासाठी नाव कशाला काढायचं? नुसतं सांगितलं असतंस तरी मी तपासणी केलीच असती."

"केली असती. ती बाहेर गेली असती आणि मी आत आले असते. मग मी हे तिच्यासाठी सांगितलं की माझ्यासाठी, हे तिला तर कळलं नसतंच. सर, मलाही नसतं कळलं."

"तुझं हे शेवटचं वर्ष आहे, कस्तुरी."

"माहितीय."

सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मागच्या वर्षी मला तुझी पट्टी दिसली होती. उपांत्य सामन्यात. मी म्हटलं, एवढी एक अंतिम फेरी होऊ दे, मग बघू." त्यांनी टोपी परत घातली. "चल. तिला उठवू."

भेग होती. हाडाच्या मधोमध, अर्ध्यापर्यंत गेलेली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एक-दोन आठवड्यांचा खेळ आणि दोन तुकडे झाले असते. शस्त्रक्रिया लागली नाही. दहा आठवडे प्लास्टर, पाऊल जमिनीला टेकवायचं नाही.

आफरीनला न्यायला तिचे अब्बा आले होते. आफरीन गाडीत बसल्यावर कस्तुरी पुढं झाली, तर आफरीननं काच वर केली. अब्बा मात्र थांबले. त्यांनी कस्तुरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग गाडीत जाऊन बसले.

*

पळतीची ती जागा तिसऱ्याच मुलीला मिळाली आणि ऑक्टोबरात भारतानं रौप्यपदक मिळवलं. कस्तुरीनं सामना आईबरोबर घरी बघितला. शेवटच्या डावात पळतीची पहिली तुकडी दोन मिनिटांत बाद झाली, तेव्हा आई उठून आत गेली. कस्तुरीनं आफरीनला फोन लावला. उचलला गेला नाही. त्याआधीचे सतराही उचलले गेले नव्हते.

डॉक्टरांनी तिला एक पर्याय सांगितला होता. आफरीनचं हाड जुळलं की तिचा नवा, निर्मळ ठसा घेऊन कस्तुरीच्या तारेत भरता येईल. कस्तुरी नको म्हणाली. त्या मुलीकडे ती दुसऱ्यांदा काही मागणार नव्हती. मग दुसरा रस्ता होता सरावाचा. मेंदूला हजारो वेळा दाखवून द्यायचं की इथं जपण्यासारखं काही नाही. बार्शीच्या मैदानावर ती रोज सकाळी अनवाणी येऊन खुंटाभोवती आधी चालत, मग भरभर, मग पळत डावीकडे वळत राहायची. जिल्ह्याच्या संघात पुन्हा खेळायला लागली होती. उरलेल्या वेळात लहान मुलींना शिकवायची आणि शिकवताना रोज प्रत्येकीला एक प्रश्न विचारायची, "आज कुठं दुखतंय?" पहिले काही दिवस मुली घाबरून "कुठंच नाही" म्हणायच्या. आता एकेक सांगायला लागल्या होत्या. कुणाचा गुडघा, कुणाचं पोट.

जानेवारीतल्या एका सकाळी एक स्कूटी कुंपणापाशी थांबली. आफरीन आत आली, पण रेषेच्या बाहेर उभी राहिली. तिनं वेणी गुंडाळली नव्हती, मोकळीच सोडली होती. कस्तुरीनं मुलींना मैदानाला फेऱ्या मारायला पाठवलं आणि जवळ गेली.

"हाड जुळलंय," आफरीन म्हणाली. सलाम नाही, नमस्कार नाही. "डॉक्टर म्हणतात, पळ. मी पळते. पण वळताना पाय कचरतो. दुखत नाही आता, तरी कचरतो."

"माहितीय."

"तुझा अजून तसाच?"

"होता. आता निम्म्याच्या वर कचरणं गेलंय."

"कसं घालवलंस?"

"दाखवते. आधी चप्पल काढ."

आफरीननं चप्पल काढली. माती गार होती, तिनं पायाची बोटं आक्रसली. मग मान वर करून म्हणाली, "मी अजून रागावलेय तुझ्यावर."

"राहा की. रागावून पण वळता येतं." कस्तुरी थांबली. तिला जे म्हणायचं होतं ते सहा महिने तिनं मनात घोळवलं होतं, आणि आता त्यातलं काहीच आठवेना. "आफरीन, मी तुला पळायला शिकवलं ते बरोबर शिकवलं. ते दुसरं चुकीचं शिकवलं. मला माफ कर."

आफरीननं रेष ओलांडली. "आधी कसं वळायचं?" ती म्हणाली.

त्या सकाळी दोघी खुंटाभोवती वळत राहिल्या, एक पुढं, एक मागं. चालत वीस फेरे. भरभर वीस. फेऱ्या मारणाऱ्या मुली जाता-येता बघत होत्या. पळायला लागल्यावर आफरीन जरा लांबून वळायला लागली तशी कस्तुरी ओरडली, "आत, आत ये, जागा आहे!" आणि आफरीन आत आली. पाच फेरे झाले, सहा झाले. तिच्या केसांची बट तोंडावर येत होती आणि ती फुंकर मारून बाजूला करत होती. पुढं दोन वर्षांनी भारताच्या संघातून खेळताना सगळ्यांनी तिचं जे वळण बघितलं, त्याची सुरुवात त्या फेऱ्यांत झाली.

सातव्या फेऱ्याला ती मध्येच थांबली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकली. धापेमुळे तिला बोलता येत नव्हतं, तरी ती मोठ्यानं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, थांब. दुखतंय."

कस्तुरी तशीच माघारी पळत आली आणि मातीत बसली. "कुठं? दाखव. आत का?"

"नाही. पोटरीत. गोळा आलाय."

कस्तुरीनं तिचा पाय मांडीवर घेतला, पंजा वर ओढून धरला आणि अंगठ्यानं पोटरी दाबायला लागली. आफरीन कळवळली, मग हसली, मग पुन्हा कळवळली.

"हळू गं, ताई!"

"बरं, हळू," कस्तुरी म्हणाली. "सांगत राहा. कुठं दुखतंय ते सांगत राहा."